लेकीला डेंगी होऊन गेलाय, मग लस कुणाला द्यायची?

पत्राचा सारांश

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने घराबाहेर. घरी त्या, सासूबाई, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी गणपती संपता संपता मुलीला जोराचा ताप आला, प्लेटलेट उतरल्या, चिपळूणला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी डेंगी सांगितला. त्यांची नणंद जकार्त्याला राहते. तिने आपल्या मुलांना तिथे डेंगीची लस दिली आहे आणि "दिवाळीच्या सुट्टीत दोघांना घेऊन ये, इथे देऊन टाकू, दादाला मग सांगू," म्हणून ती मागे लागली आहे. यजमानांचा मात्र ठाम नकार. बोटीवरच्या फिलिपिनो सहकाऱ्यांकडून त्यांनी ऐकलंय की त्यांच्या देशात ही लस दिल्यावर मुलं दगावली. सासूबाई म्हणतात, मुलीला एकदा होऊन गेलाय, तिला कशाला. द्यायचीच तर धाकट्याला द्या. त्यातच अलिबागकडच्या माहेराहून कळलं की तिथे शाळेतच मुलांना "डासांच्या तापाची" लस टोचली. मग आमच्या गावात का नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी त्या लिहितात, "लस दिली आणि काही झालं तर ह्यांना काय सांगू? आणि नाही दिली आणि काही झालं तर ते जन्मभर मनाला खात राहील."

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी खरं ऐकून बोलतंय. घोळ एवढाच झालाय की तीन वेगवेगळ्या लशींबद्दलचं बोलणं एकाच लशीच्या नावावर जमा झालं आहे. यजमान बोलताहेत ती लस वेगळी, तुमच्या वन्सं देतायत ती वेगळी आणि अलिबागच्या शाळेत दिली ती तर वेगळ्याच आजाराची.

अलिबागचं आधी सांगते. २०२५ च्या मार्चपासून रायगड, पुणे आणि परभणी या जिल्ह्यांत १ ते १५ वर्षांच्या मुलांना जपानी मेंदूज्वराची लस देण्याची मोहीम झाली. तो आजारही डासातूनच येतो, पण तो डास भातखाचरात वाढणारा, संध्याकाळी-रात्री चावणारा, आणि विषाणूही निराळा. त्या लशीने डेंगीपासून संरक्षण मिळत नाही. डेंगीची लस आपल्या सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात नाही. म्हणजे तुमच्या गावात कुणी काही द्यायचं विसरलेलं नाही, आणि तुमच्या हातूनही काही राहून गेलेलं नाही.

आता फिलिपिन्स. ही गोष्ट पुरती कळली की तुमचा निम्मा प्रश्न सुटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

डेंगव्हॅक्सिया ही सनोफी या फ्रेंच कंपनीची लस. डेंगीवरची जगातली पहिली परवानाप्राप्त लस. २०१५ च्या डिसेंबरात मेक्सिको, फिलिपिन्स आणि ब्राझीलने तिला मंजुरी दिली. एप्रिल २०१६ पासून फिलिपिन्सच्या सरकारने शाळांमधून नऊ वर्षांवरच्या मुलांना ती द्यायला सुरुवात केली आणि आठ लाखांहून जास्त मुलांना तिचा निदान एक डोस मिळाला. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केलं की ज्याला आधी कधीच डेंगी झालेला नाही अशा मुलाला ही लस दिली, तर पुढे डेंगी झाल्यावर तो गंभीर होण्याचा धोका वाढतो. मोहीम थांबली, चौकश्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. यजमानांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या घराशेजारी हे पाहिलेलं असणार. त्यांचं बोलणं अफवा म्हणून झटकून टाकू नका.

पण त्या गोष्टीची दुसरी बाजूही आकड्यांत नोंदलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा हिशेब मांडला तो असा. आधी डेंगी न झालेल्या १,००० मुलांना ही लस दिली, तर पाच वर्षांत दवाखान्यात भरती होण्याची सुमारे ५ प्रकरणं आणि गंभीर डेंगीची २ प्रकरणं जास्त होतात. ज्यांना आधी होऊन गेलाय अशा १,००० मुलांना दिली, तर भरतीची १५ आणि गंभीर डेंगीची ४ प्रकरणं टळतात. लस तीच, सुई तीच, गाव तेच; एका मुलाला तारते आणि शेजारच्या मुलाला धोक्यात घालते. त्या काळात दगावलेल्या प्रत्येक मुलाचा मृत्यू लशीमुळे झाला असं सिद्ध झालेलं नाही, कारण डेंगी तिथे दरवर्षी असतोच. पण लोकांचा विश्वास उडाला आणि तो सगळ्याच लशींवरचा उडाला. "लशी महत्त्वाच्या आहेत" याला ठाम होकार देणाऱ्यांचं प्रमाण २०१५ मध्ये ९३ टक्के होतं, ते २०१८ मध्ये ३२ टक्क्यांवर आलं. २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत दुःखाचं वाटतं. डेंगीच्या लशीवरचा राग गोवराच्या लशीवर निघाला आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

एका मुलाला तारणारी लस दुसऱ्याला धोक्यात कशी घालते? डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि आपल्या देशात चारही फिरतात. एका प्रकाराचा डेंगी होऊन गेला की त्या प्रकारापुरतं जन्मभराचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासूनचं संरक्षण मात्र थोडे महिनेच टिकतं. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू अंगात शिरला, तर पहिल्या वेळी शरीराने विषाणूशी लढायला बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्याला चिकटतात, पण त्याला मारू शकत नाहीत. उलट त्यांचाच आधार घेऊन तो पेशींमध्ये अधिक सहज घुसतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंगी पहिल्यापेक्षा जड जाण्याची भीती जास्त. ज्या मुलांना कधीच डेंगी झाला नव्हता, त्यांच्या शरीराने डेंगव्हॅक्सियालाच पहिला डेंगी मानलं, आणि नंतर आलेला खरा पहिला डेंगी त्यांना दुसऱ्यासारखा लागला.

आता सासूबाईंचं म्हणणं पुन्हा बघा. त्यांनी गोवर-कांजिण्या पाहिल्यात. एकदा निघाल्या की परत सहसा नाहीत, हा त्यांचा अनुभव त्या आजारांपुरता अगदी बरोबर आहे. डेंगीत तो उलटा पडतो. तुमच्या घरात सर्वांत जास्त जपायला हवं ते मुलीला. तिला अजून तीन प्रकार व्हायचे शिल्लक आहेत आणि यापुढचा तिचा डेंगी हा दुसरा असेल.

हे सगळं अर्थात तिला गेल्या वर्षी खरोखर डेंगी झाला असेल तर. तुम्ही पत्रात "प्लेटलेट उतरल्या आणि डॉक्टरांनी डेंगी सांगितला" एवढंच लिहिलंय. कोकणात पावसाळ्याच्या अखेरीला प्लेटलेट उतरवणारे ताप काही कमी नाहीत. लेप्टो आहे, मलेरिया आहे, चिकुनगुनिया आहे, गवतातल्या किड्याच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस आहे. तेव्हा लस द्यायची की नाही हे ठरवण्याआधी तिची डिस्चार्जची फाइल काढा. त्यात एनएस-१ ही, रक्तात विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह आहे का, आणि ती तापाच्या पहिल्या पाच दिवसांत केली होती का, ते बघा. नसेल तर ताज्या संसर्गाची खूण दाखवणारी आयजीएम तपासणी आहे का, आणि असेल तर ती प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीने केलेली की नुसत्या कार्डावर. कार्डावरची झटपट तपासणी कधी कधी चुकीचा होकार देते. सरकारी नोंदीतही एलायझाच धरली जाते. सरकारच्या ठरलेल्या रुग्णालयांना त्यासाठीचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून जातात. फाइल सापडली नाही तर दवाखान्यातून रिपोर्टच्या प्रती मागा, त्या मागणं हा तुमचा हक्क आहे. आणि रिपोर्ट धड नसतील, तर जुन्या संसर्गाची खूण दाखवणारी आयजीजी तपासणी करता येते. ती करताना मुलीला मेंदूज्वराची लस कधी दिलीय का ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण हे विषाणू एकाच घराण्यातले आहेत आणि तपासणीत एकाची खूण दुसऱ्याची म्हणून दिसू शकते.

आता तुमच्या वन्संच्या लशीकडे येते. इंडोनेशियात मुलांना दिली जाते ती क्यूडेंगा, जपानच्या ताकेदा कंपनीची. ऑगस्ट २०२२ मध्ये इंडोनेशियानेच तिला जगात सर्वांत आधी मंजुरी दिली. फिलिपिन्समधली ती ही नव्हे. हिचे दोन डोस असतात, तीन महिन्यांच्या अंतराने. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या आठ देशांत ४ ते १६ वर्षांच्या सुमारे २०,००० मुलांवर हिची चाचणी झाली. दुसऱ्या डोसनंतरच्या पहिल्या वर्षात डेंगीपासून सुमारे ८० टक्के संरक्षण दिसलं. साडेचार वर्षांचा हिशेब धरला तर ते ६१ टक्क्यांवर आलं, पण दवाखान्यात भरती होण्यापासूनचं संरक्षण ८४ टक्के राहिलं. आई म्हणून तुमच्यासाठी हा शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा.

या लशीतही एक जागा रिकामी आहे, आणि ती नेमकी तुमच्या मुलाची जागा आहे. ज्या मुलांना आधी डेंगी झाला नव्हता, त्यांना तिसऱ्या प्रकारापासून या लशीने संरक्षण मिळाल्याचं चाचणीत दिसलं नाही. चौथ्या प्रकाराच्या केसेस इतक्या थोड्या होत्या की काही ठरवता आलं नाही. डेंगव्हॅक्सियासारखा धोका या लशीत सिद्ध झालेला नाही, पण अशा मुलांच्या बाबतीत तो अजिबात नाही असंही कुणी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. म्हणूनच ब्रिटन आणि जर्मनीतल्या तज्ज्ञ समित्यांनी तिथून डेंगीच्या देशांत जाणाऱ्या प्रवाशांपैकी, आधी डेंगी होऊन गेलेल्यांनाच ही लस सुचवली आहे.

मग इंडोनेशियात सरसकट का देतात? तिथल्या शहरांत दहा वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांना डेंगी नकळत का होईना होऊन गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या लशीची शिफारस केली ती ६ ते १६ या वयासाठी, आणि तीही जिथे डेंगी फार पसरलेला आहे अशाच भागांसाठी. नऊ वर्षांच्या मुलांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जणांना डेंगी होऊन गेलेला असला, तर तो भाग असा मानायचा. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १५ राज्यांत रक्ततपासणी केली, त्यात ५ ते ८ वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के आणि ९ ते १७ च्या गटात ४१ टक्के मुलांत जुन्या डेंगीची खूण सापडली. सगळी वयं मिळून शहरांत ते प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास आणि खेड्यांत ४२. म्हणजे तुमच्या वन्संनी जकार्त्यात आपल्या मुलांसाठी जे केलं ते तिथे योग्यच होतं. तेवढ्यावरून तुमच्या वाडीतल्या पाच वर्षांच्या मुलालाही तेच योग्य ठरत नाही.

तेव्हा माझं मत उघड सांगते. हे मत पत्रावरून दिलेलं आहे. मुलांना तपासणाऱ्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द याच्या वर धरा.

मुलीचे रिपोर्ट पक्के निघाले तर तिला लस देण्याच्या बाजूला माझा कल आहे. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की लस आता आपल्याकडे त्यांच्या हाती आहे का. नसेल आणि तुम्ही जकार्त्याला जाणारच असाल, तर पहिला डोस दिवाळीत आणि दुसरा मे महिन्याच्या सुट्टीत देता येईल. दोन डोसांत किमान तीन महिने हवेत. त्याहून उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण दुसऱ्या डोसाची सोय आधी ठरलेली असू द्या, "बघू पुढे" यावर सोडू नका. ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. प्रतिकारशक्तीचा आजार असलेल्या, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना ती देत नाहीत. मुलीचं असं काही असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. टोचल्यावर कार्डावर लशीचं नाव, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून घ्या आणि परतल्यावर आपल्या डॉक्टरांच्या नोंदीतही तो चढवा.

मुलाला आत्ता देऊ नये. तो सहाचाही नाही, त्याला डेंगी झाल्याची काही नोंद नाही, आणि थांबण्यात त्याचं नुकसान दिसत नाही. पुढे परिस्थिती बदलू शकते. आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या एका डोसाच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. त्यात दहा हजारांवर स्वयंसेवक घ्यायचे ठरले, पण ते सगळे प्रौढ. ताकेदानेही २०२४ मध्ये हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीशी उत्पादनाचा करार केला. तुमचा मुलगा दहाचा होईल तेव्हा त्याच्यासाठी आजच्यापेक्षा जास्त माहिती हाताशी असेल.

जकार्त्याच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट वन्संच्या लक्षात आलेली दिसत नाही. दिवाळीच्या सुमाराला तिकडे पावसाळा सुरू होत असतो. आपल्याकडचा डेंगीचा हंगाम ओसरत असताना तुम्ही मुलांना डेंगीच्या शहरात नेणार. पहिली सुई टोचली म्हणून त्याच आठवड्यात पूर्ण संरक्षण मिळत नाही. केवळ लशीसाठी हा प्रवास करणार असाल तर मी दोनदा विचार करेन. आत्याकडे जायचंच आहे, तर पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळवणारं मलम आणि दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी, धाकट्यासाठी तर नक्कीच.

"दादाला मग सांगू" हे मात्र करू नका, ताई. ते दूर आहेत म्हणून त्यांची भीती लहान होत नाही, उलट समुद्रावर ती वाढतेच. त्यांना फोनवर सांगा की तुम्ही फिलिपिन्सची गोष्ट सगळी वाचलीत, ती खरी आहे, ती लस वेगळी होती, आणि तिच्यातून मिळालेला धडा धाकट्याला तंतोतंत लागू पडतो, म्हणून त्याला आत्ता लस देत नाही. मग मुलीच्या फाइलचे फोटो पाठवा आणि तिच्याबद्दल वेगळं बोला. आतापर्यंत तुम्ही दोघं "मुलांना लस द्यायची की नाही" यावर भांडत होतात. दोन मुलांचे दोन प्रश्न केलेत की बोलणं सोपं होईल असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. दिल्यावर काही झालं तर दोष तुमचा, आणि न दिल्यावर झालं तरीही तुमचाच, असा हिशेब तुम्ही मांडलाय. मुलं आजारी पडणं हा आईचा गुन्हा नव्हे. माहिती घेऊन, घरात बोलून, डॉक्टरांना विचारून घेतलेला निर्णय हा चांगला निर्णय असतो, पुढे काहीही होवो. तुम्ही पत्र लिहिण्याआधीपासून तेच करत आलेल्या आहात.

दिवाळी अजून लांब आहे आणि पाऊस दारात आहे. या हंगामात तुमच्या मुलांना कुठलीही लस वाचवणार नाही. वाचवेल ते अंगण आणि तुमचं लक्ष. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येताना आणि दुपार कलल्यावर जास्त. तो घराच्या आसपासच राहतो, लांब उडत नाही, आणि त्याला गटार लागत नाही, स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. आपल्या परसात अशी भांडी आपण न ठेवताच असतात. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या झावळ्यांच्या द्रोणासारख्या विऱ्या, छपरावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, पन्हळीत अडकलेला पाला, होडीला बांधलेले जुने टायर, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी आणलेली आणि आता कोपऱ्यात पडलेली पिंपं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा. भांडं नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायला हवं. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. रिकामी करता येत नाही अशा हौदात किंवा विहिरीत गप्पी मासे सोडा, ते आरोग्य केंद्रातून मिळतात. धुराच्या फवारणीवर फार भिस्त ठेवू नका; उडणारे डास त्या वेळेपुरते मरतात, पाण्यातल्या अळ्यांना धक्का लागत नाही. गणपतीत मुंबईकरांची बंद घरं उघडतात, तेव्हा त्यांच्या टाक्या आणि संडासातल्या फ्लशच्या टाक्याही वाडीने मिळून बघायला हव्यात. हाच डास चिकुनगुनियाही देतो, आणि त्यावर डेंगीची लस काही करत नाही.

आणि तरीही ताप आला तर? हा भाग दोघा मुलांसाठी, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक घरासाठी.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक असलेली तापाची औषधं नकोत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दुकानातून औषध आणताना नाव वाचून घ्या. पेज, ताक, शहाळं, मीठ-साखरेचं पाणी, मूल घेईल ते थोडं थोडं सतत द्या. सासूबाई पपईच्या पानांचा रस देतील. त्याने प्लेटलेट थोड्या वाढल्याचं काही लहान अभ्यासांत दिसलंय, पण डेंगीत मुलाचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपल्याने, आणि ते थांबवायला रस उपयोगी पडत नाही. शिवाय तो इतका कडू की मूल उलट्या करतं. उलट्या हे डेंगीतलं धोक्याचं लक्षण असल्यामुळे, ती रसाची की आजाराची हे मग कुणालाच कळत नाही. त्यांना हे कारण सांगितलंत तर त्यांना पटेल.

सर्वांत मोठी फसगत होते ती ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमके तेव्हाचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. पोटात जोराने दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, मूल गळून जाणं किंवा उगाच चिडचिडं-अस्वस्थ होणं, श्वासाला त्रास, चार ते सहा तास लघवीच न होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. प्लेटलेटचा आकडा किती यावर थांबूही नका. आकडा बरा असूनही मूल बिघडू शकतं, आणि आकडा कमी असूनही रक्तस्राव नसलेली बरीच मुलं प्लेटलेट न चढवता बरी होतात. वेळेवर आणि मोजून दिलेलं सलाइन हाच डेंगीतला मुख्य उपचार.

म्हणून पाऊस लागण्याआधी एक संध्याकाळ याच्यासाठी काढा. रात्री-अपरात्री रक्त तपासून मुलाला भरती करून घेणारा जवळचा दवाखाना कोणता, ते फोन करून विचारून ठेवा. वाडीत गाडी कुणाची, तो रात्री उठेल का, हे त्याच्याशीच बोला. १०८ ला तुमच्या घरापर्यंतची खूण कशी सांगायची ते ठरवा. खाडीकडच्या रस्त्यावर पाणी येत असेल तर दुसरी वाट कोणती तेही. मुलीची फाइल आणि दोघांची वजनं लिहिलेला कागद एकाच पिशवीत ठेवा. आणि धोक्याची लक्षणं सासूबाईंना वाचून दाखवा, यजमान बोटीवर असताना रात्री मुलाच्या उशाशी तुमच्याबरोबर जागायला त्याच असणार आहेत.